व्हायरसमुळे हार्ड डिस्क खरंच उडते का?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक बंद पडलेली हार्ड डिस्क उघडून दाखवली आहे. आरशासारख्या चकचकीत तबकडीवर एक बारीक गोल ओरखडा दिसतो, तो नीट बघा. व्हिडिओ पंधरा मिनिटांत आटोपायचा होता, म्हणून बऱ्याच गोष्टी राहून गेल्या. त्या इथे लिहितोय. व्हिडिओ पाहिला नसेल तरी हरकत नाही.

"भाऊ, व्हायरस आला अन् हार्ड डिस्क उडाली." हे वाक्य इथे जालन्यात महिन्यातून चार-पाच वेळा तरी माझ्या कानावर येतं. कृषी सेवा केंद्रवाले, मेडिकलवाले, झेरॉक्सवाले, सगळे हेच म्हणतात. तक्रार एकच असते, पण आत आजार दोन वेगळे असू शकतात आणि दोन्हींचं औषध वेगळं. चुकीचं औषध दिलं तर काय होतं ते आधी सांगतो, कारण ती चूक माझीच आहे.

व्हिडिओतली डिस्क एका मोसंबीच्या आडत्यांची. मी त्यांना काका म्हणतो. काही वर्षांपूर्वी आंबे बहाराची आवक ऐन भरात असताना त्यांचा सीपीयू माझ्याकडे आला. तक्रार नेहमीचीच. मशीन स्लो, टॅली उघडताना लटकतं, एखादी फाइल कॉपीच होत नाही. मी अँटीव्हायरस चालवला, दोन-तीन व्हायरस सापडले. (ज्या मशीनला दिवसभर दहा जणांचे पेनड्राइव्ह लागतात त्यात सापडणारच.) मी म्हटलं, काका, व्हायरस आहे. डेटा कॉपी केला, फॉरमॅट मारला, विंडोज टाकलं, पाचशे रुपये घेतले. मशीन पळायला लागलं. बारा दिवसांनी परत तेच. परत डेटा काढला, परत फॉरमॅट. या वेळी पैसे घेतले नाहीत, उलट कुणाचाही पेनड्राइव्ह लावतोस म्हणून काकांच्या मुलालाच चार गोष्टी सुनावल्या. तिसऱ्या वेळी सीपीयू आला तेव्हा आतून टक... टक... असा आवाज येत होता आणि बायोसमध्ये डिस्क दिसतच नव्हती.

दुसऱ्या फॉरमॅटपर्यंतचा डेटा माझ्याकडे होता. त्यानंतरचे तीन आठवडे गेले. कोणत्या शेतकऱ्याला किती उचल दिली, कोणाच्या पट्टीतले किती बाकी, हे सगळं काकांनी कागदी पट्ट्यांवरून आणि शेतकऱ्यांच्या हातातल्या प्रतींवरून पुन्हा लिहून काढलं. दोघांशी हिशोबाचा वाद झाला. बाजारात नाव राहायला पाहिजे म्हणून काकांनी तो त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मिटवला, म्हणजे खिशातून भरला. त्या डिस्कला व्हायरसने काहीच केलं नव्हतं. ती पहिल्या दिवसापासून मरत होती आणि मी तिला फॉरमॅट मारत बसलो होतो.

आता मूळ प्रश्न. व्हायरस हार्ड डिस्क मोडू शकतो का? आजच्या दुकानातल्या डिस्कपुरतं उत्तर: जवळजवळ नाही. डिस्कवर लिहिलेलं सगळं तो पुसू शकतो, कुलूप लावू शकतो, पण तबकडीला ओरखडा पाडू शकत नाही. "जवळजवळ" का म्हटलं तेही पुढे येईल.

मुनीम, हमाल आणि चिठ्ठी

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, डेस्कटॉपमध्ये साधारण मिनिटाला ७२०० वेळा, लॅपटॉपमध्ये बहुतेक ५४००. तिच्यावर वाचणारं-लिहिणारं हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. आपल्या डोक्याचा केस त्यापेक्षा हजारो पट जाड. त्यामुळे हेड तबकडीला घासलं की खेळ संपला. पण हे हेड हलवतं कोण?

आडतीच्या दुकानात मुनीम गादीवर बसून चिठ्ठी देतो, "चौदाव्या रांगेतली पोती काढ", "ही पोती विसाव्या रांगेत लाव". गोदामात जाऊन पोतं कसं उचलायचं, कुठून वळायचं, हे हमालाचं काम. मुनीम त्यात पडत नाही. कॉम्प्युटर म्हणजे मुनीम आणि डिस्कच्या खाली जो हिरवा किंवा निळा सर्किट बोर्ड असतो तो हमाल. विंडोज डिस्कला एवढंच सांगतं की अमुक नंबरच्या खणातलं वाच, तमुक नंबरच्या खणात हे लिही. मोटर किती वेगाने फिरवायची, हेड किती उंचीवर ठेवायचं, हे डिस्कचा बोर्ड स्वतः ठरवतो.

व्हायरस काय करतो? तो मुनिमाच्या गादीवर येऊन बसतो. तिथून खोट्या चिठ्ठ्या देतो. "सगळ्या वह्यांवर शाई ओत" अशी चिठ्ठी त्याला देता येते, हमाल निमूटपणे ओततो. पण "स्वतःची कंबर मोड" अशी चिठ्ठी या व्यवहारात छापलेलीच नाही. नसलेल्या खणाचा नंबर दिला तर डिस्क हेड कुठेतरी आपटत नाही, सरळ एरर परत पाठवते.

पूर्वी असं नव्हतं, आणि ही समजूत बहुतेक तिथूनच आली असावी. १९८० च्या दशकातल्या डिस्कचा कंट्रोलर डिस्कवर नसायचा, वेगळं कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलेलं असायचं. हेड एक-एक पाऊल पुढे सरकवण्याचा हुकूम तिथूनच जायचा. कमोडोर कंपनीच्या १५४१ या फ्लॉपी ड्राइव्हचं हेड अडथळ्यावर आपटून आपटून जागचं सरकायचं, आणि ते करायला व्हायरस लागत नव्हता, गेमच्या कॉपी प्रोटेक्शनमुळेही व्हायचं. पुढे आयडीई डिस्क आल्या, कंट्रोलर डिस्कवरच बसला आणि हा रस्ता बंद झाला.

मग व्हायरसने कधीच काही मोडलं नाही?

मोडलंय. दोन उदाहरणं सांगतो, कारण "व्हायरस म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर, त्याने वस्तूला काय होणार" असं म्हणणाराही चुकतो.

पहिलं, सीआयएच, ज्याला लोक चेर्नोबिल व्हायरस म्हणायचे. तैवानच्या एका विद्यार्थ्याने १९९८ मध्ये लिहिला. २६ एप्रिल १९९९ ला तो जगभरातल्या विंडोज ९५ आणि ९८ च्या मशीनवर एकदम जागा झाला. त्याने दोन कामं केली. डिस्कचा सुरुवातीचा एक एमबी भाग शून्यांनी भरला, म्हणजे डिस्कचा नकाशाच पुसला. आणि ज्या मदरबोर्डवर जमलं तिथे बायोसच्या चिपवर कचरा लिहिला. अशा मशीनचं बटण दाबलं तर पडदा काळाच राहायचा, चिप काढून पुन्हा लिहावी लागायची किंवा बदलावी लागायची. लोक म्हणाले, व्हायरसने कॉम्प्युटर जाळला. जळलं काहीच नव्हतं, चिपवरचा मजकूर गेला होता. आणि गंमत बघा, हार्ड डिस्क यातही धडधाकट होती.

दुसरं, स्टक्सनेट, २०१० मध्ये उघडकीला आला. इराणमधल्या नतान्झ इथे युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रीफ्यूज यंत्रं होती. या व्हायरसने त्यांच्या मोटरचा वेग कधी भलताच वाढवला, कधी जवळजवळ थांबवला, आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर मात्र सगळं ठीक असल्याचे आकडे दाखवत राहिला. यंत्रं खरोखर मोडली. जालना स्टीलचं गाव, त्यामुळे हे आपल्याला लगेच समजेल. रोलिंग मिलमध्ये मोटरचा वेग कॉम्प्युटर ठरवत असेल तर कॉम्प्युटर बिघडवणारा मोटरही बिघडवू शकतो. म्हणजे यंत्र कोणाचा कोणता हुकूम ऐकतं यावर सगळं अवलंबून आहे. हार्ड डिस्क वेगाचा हुकूम बाहेरून घेत नाही, म्हणून वाचते.

यातही एक फट आहे. डिस्कच्या बोर्डवर स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर असतं, त्याला फर्मवेअर म्हणतात. म्हणजे हमालाचं डोकं. ते बदलता आलं तर हमालही फितवता येतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅस्परस्की कंपनीने इक्वेशन ग्रुप नावाच्या हेरगिरी करणाऱ्या टोळीची माहिती जाहीर केली. त्यांच्याकडे नामांकित कंपन्यांच्या डिस्कचं फर्मवेअर बदलणारं साधन होतं. पण त्यांनी ते डिस्क मोडायला वापरलं नाही, तिच्यात लपून बसायला वापरलं. फॉरमॅट मारला तरी जाणार नाही असं लपणं. हे काम इतकं अवघड आहे की ते निवडक मशीनवरच सापडलं. तुमच्या किराणा दुकानाच्या बिलिंगसाठी एवढे कष्ट कोणी घेणार नाही. "जवळजवळ" हा शब्द यासाठी होता.

एसएसडीचं गणित थोडं वेगळं

आता बहुतेक दुकानांत मी एसएसडीच बसवतो. तिच्यात फिरणारं काही नाही, पण लिहिण्याला मर्यादा आहे. एकाच वहीत खोडरबराने किती वेळा खोडणार, कागद विरतोच. कंपनी हा आकडा टेराबाइटमध्ये देते. उदाहरणार्थ, किंग्स्टनच्या ए४०० या २४० जीबीच्या एसएसडीला ८० टेराबाइट दिलेले आहेत. एखादा व्हायरस सेकंदाला ५० एमबी या दराने रात्रंदिवस लिहित राहिला तर दिवसाला सव्वाचार टेराबाइटच्या वर होतात. एकोणीस दिवसांत आकडा संपला. ऐंशी झाले की एसएसडी त्याच क्षणी मरते असं नाही, पण वॉरंटीच्या हिशोबाने आयुष्य संपलं.

कागदावर हे शक्य आहे. पण चोराचा त्यात फायदा काय? व्हायरस लिहिणाऱ्यांचाही धंदा असतो. त्यांना पैसे पाहिजेत, तुमची एसएसडी झिजवून त्यांच्या हाती काही लागत नाही. उलट हे साध्या, चांगल्या सॉफ्टवेअरकडून चुकून झालेलं आहे. २०१६ मध्ये गाणी ऐकण्याचं स्पॉटिफाय हे ॲप बसल्या बसल्या डिस्कवर प्रचंड डेटा लिहित होतं, लोकांनी ओरड केल्यावर कंपनीने दुरुस्त केलं.

व्हायरसचा अप्रत्यक्ष त्रास मात्र खरा आहे. तुमच्या मशीनवर चोरून क्रिप्टो कॉइन काढणारा व्हायरस असेल तर प्रोसेसर दिवसभर पूर्ण ताकदीने चालतो. मे महिना, पत्र्याचं दुकान, काउंटरखाली कोंडलेला सीपीयू, त्यावर धुळीचा थर. आतली उष्णता डिस्कलाही सोसावी लागते. पण इथेही दोष अर्धा व्हायरसचा आणि अर्धा त्या कोंडलेल्या जागेचा.

न्हावाशेवाला काय झालं होतं

व्हायरसची खरी ताकद बघायची असेल तर लांब जायला नको. जालन्याच्या ड्रायपोर्टमुळे जेएनपीटी हे नाव आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. न्हावाशेवाच्या त्या बंदरात गेटवे टर्मिनल्स इंडिया नावाचं एक टर्मिनल आहे. ते मर्स्क या डेन्मार्कच्या शिपिंग कंपनीच्या समूहातली एपीएम टर्मिनल्स चालवते. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला, मर्स्कचे कॉम्प्युटर पडले आणि त्यांच्यासोबत हे टर्मिनलही अडकलं. कोणता कंटेनर कुठे आहे, कोणाचा आहे, कुठे जायचा आहे, हे कॉम्प्युटरला माहीत होतं आणि कॉम्प्युटर बंद. क्रेन जागेवर, कंटेनर जागेवर, माणसं जागेवर, पण काम हाताने आणि कासवाच्या गतीने.

हा व्हायरस आला कुठून हे दुकानदारांनी लक्ष देऊन वाचावं. युक्रेनमध्ये एम-ई-डॉक नावाचं टॅक्स भरण्याचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर आहे, आपल्याकडे टॅलीसारखं घरोघरी चालणारं. त्याच्या अपडेटमध्येच व्हायरस घुसवला होता. पुढे तो विंडोजच्या एका जुन्या भोकातून नेटवर्कवर पसरला. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलं होतं.

त्याने डिस्कचं काय केलं? मशीन रीस्टार्ट व्हायचं आणि पडद्यावर यायचं की डिस्क दुरुस्त होत आहे, बंद करू नका, इतके टक्के झाले. विंडोजचं डिस्क तपासण्याचं जे खरं पान असतं तसंच हुबेहूब. ते खोटं होतं. त्या टक्क्यांच्या मागे तो डिस्कच्या अनुक्रमणिकेला कुलूप लावत होता. खतावणीची सगळी पानं शाबूत, पण कोणाचं खातं कोणत्या पानावर ते सांगणारं पहिलं पान गेलं, असं समजा. नंतर ३०० डॉलर मागायचा. पैसे भरूनही उपयोग नव्हता, कारण किल्ली परत देण्याची सोयच त्यात नव्हती. खंडणीचा मुखवटा लावून आलेला नासधूस करणारा प्रकार.

मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढच्या जानेवारीत दावोसला सांगितलं की दहा दिवसांत त्यांनी ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर पुन्हा इन्स्टॉल केले. कंपनीचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. हे नुकसान मोडलेल्या डिस्कचं नव्हतं. गेलेल्या माहितीचं आणि थांबलेल्या धंद्याचं होतं.

आणि त्यांना सावरायला मदत कोणी केली माहीत आहे? लाईट जाण्याने! कोणता माणूस कोणत्या मशीनवर काम करू शकतो ही यादी ज्या सर्व्हरवर असते ते सगळीकडचे पुसले गेले होते. आफ्रिकेतल्या घाना देशातला एकच वाचला, कारण हल्ला झाला तेव्हा तिथली वीज गेलेली होती. त्यावरची माहिती माणसाच्या हाती विमानाने इंग्लंडला नेली आणि तिथून सगळं पुन्हा उभं केलं. आपण लोडशेडिंगला इतक्या शिव्या देतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

दोष व्हायरसवरच का जातो

माझ्या हातून चूक का झाली यावर मी नंतर बराच विचार केला. डिस्क मरायला लागली की तिचे काही खण वाचता येत नाहीत. डिस्क तोच खण पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, तोवर विंडोज लटकतं. व्हायरस आल्यावरही मशीन लटकतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

मग आपण अँटीव्हायरसचं फुल स्कॅन लावतो. स्कॅन म्हणजे डिस्कवरची झाडून सगळी फाइल वाचणं. आजारी डिस्कला तेवढं पळवलं की ती स्कॅनच्या मध्येच मान टाकते. स्क्रीनवर त्याच वेळी व्हायरस सापडल्याची लाल पट्टी असते. गिऱ्हाईक म्हणतं, बघा, डोळ्यांदेखत व्हायरसने डिस्क खाल्ली.

आणि फॉरमॅट मारल्यावर बरं का वाटतं? एक तर नवीन विंडोज डिस्कच्या दुसऱ्या, चांगल्या जागेवर जाऊन बसतं. दुसरं म्हणजे खराब खणावर नव्याने लिहायला गेलं की डिस्क तो खण रद्द करून राखीवमधला एक खण त्याच्या जागी लावते. म्हणून दहा-पंधरा दिवस मशीन छान चालतं. राखीव खण संपले किंवा खराबी पसरली की परत रडगाणं सुरू. काकांचे ते बारा दिवस म्हणजे हेच.

ओळखायचं कसं

सर्वात खात्रीची पद्धत मला आवडते, कारण ती साध्या तर्कावर चालते. डिस्कवर पडलेला व्हायरस म्हणजे नुसता मजकूर. तो चालू झाला तरच काही करू शकतो. म्हणून उबंटूसारखी सिस्टीम पेनड्राइव्हवर घेऊन मशीन त्या पेनड्राइव्हवरून चालू करा. आता डिस्कवरचं विंडोज झोपलेलं आहे, त्यातला व्हायरसही झोपलेला. तरीही फाइल कॉपी करताना डिस्क अडखळत असेल, टकटक करत असेल, तर दोष डिस्कचा किंवा तिच्या केबलचा. सगळं सुरळीत चालत असेल तर डिस्क बहुधा ठीक, गडबड विंडोजमध्ये.

दुसरं, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते, हे ती वाचून दाखवतं. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. पण रंगावर थांबू नका. ०५ नंबरच्या ओळीत रद्द करून बदललेले खण असतात, सी५ मध्ये वाचता न आल्यामुळे निर्णयासाठी थांबलेले. दोन्ही शून्य पाहिजेत. सी५ वाढत चालला असेल तर त्याच दिवशी डेटा बाहेर काढा. त्या रकान्यातले आकडे सुरुवातीला संगणकी पद्धतीने, अक्षरं मिसळून येतात, सेटिंगमध्ये जाऊन साधे करता येतात. तिसरी ओळ बघा सी७. ती वाढत असेल तर डिस्कला शिव्या देऊ नका, बहुतेक वेळा शंभर रुपयांची साटा केबल खराब असते. मी लोकांना चांगल्या डिस्क फेकताना पाहिलंय या एका ओळीपायी.

तुमचा मशीनवाला म्हणाला की व्हायरसने डिस्क गेली, तर शांतपणे एवढंच विचारा: "सी५ किती आहे, मला दाखव." भांडायची गरज नाही. ज्याने बघितलंय तो दाखवेल.

पेनड्राइव्हची गोष्ट वेगळी. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह उघडला की सगळ्या फोल्डरच्या जागी एक-एक केबीचे शॉर्टकट दिसतात आणि पोरं म्हणतात, पेनड्राइव्ह उडाला. प्रॉपर्टीमध्ये जाऊन भरलेली जागा बघा. ११ जीबी भरलेली दाखवत असेल तर तुमचा माल आतच आहे, व्हायरसने फक्त लपवलाय. शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका, फॉरमॅट तर अजिबात नको. लपवलेलं परत दिसण्यासाठी एक ओळीची कमांड आहे, ती व्हिडिओत शेवटी टाइप करून दाखवली आहे.

आणि डिस्क मरते तरी कशाने

वयाने, धक्क्याने, उष्णतेने, विजेने. आपल्याकडे क्रमांक एकचा गुन्हेगार मी काउंटरखालच्या पायाला मानतो. सीपीयू पायाशी, मशीन चालू, आणि दिवसभरात दहा लाथा. दिवाळीच्या साफसफाईत चालू सीपीयू ओढून झाडू मारणं हा दुसरा प्रकार. लाईट गेली तर हेडचं काय, हे बरेच विचारतात. त्याची सोय डिस्कमध्ये आहे: तबकडी फिरतच असते, त्या फिरण्यातून तयार होणाऱ्या विजेवर हेड बाजूला जाऊन बसतं. पण अर्धवट लिहिलेली टॅलीची फाइल मात्र अर्धवटच राहते. आणि बहुतेक दुकानांत यूपीएस आहे, फक्त त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वी मेलेली आहे.

आवाजाचाही एक किस्सा आहे. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये लिहिला. जॅनेट जॅक्सनचं "रिदम नेशन" हे गाणं लावलं की एका जुन्या मॉडेलचे लॅपटॉप बंद पडायचे, शेजारी ठेवलेला दुसरा लॅपटॉपसुद्धा. त्या गाण्यातला एक सूर ५४०० च्या डिस्कच्या कंपनाशी नेमका जुळायचा. कंपनीला तो सूर गाळणारा फिल्टर टाकावा लागला. पण दुकानावरून गेलेल्या वरातीच्या डीजेला दोष देण्याआधी पायाचा विचार करा!

आज काय करायचं

टकटक आवाज येत असेल तर मशीन ताबडतोब बंद. परत परत चालू करून बघू नका, चेकडिस्क लावू नका, उघडून तर मुळीच बघू नका (मी उघडली ती मेलेली होती). त्यातला डेटा लाखमोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे जाईपर्यंत डिस्कला करंट लावायचा नाही. स्क्रीनवर खंडणी मागणारा संदेश आला असेल, फाइलींची नावं बदलत असतील, तर पहिल्यांदा नेटची केबल काढा, वायफाय बंद करा आणि मशीनही बंद करा. दोन्ही आजारांत बंद करणं चालतं, म्हणून गोंधळ झाला तर तेच करा.

डिस्क फक्त मंद असेल, सी५ मध्ये आकडा असेल, पण अजून चालतेय, तर आधी टॅलीचा डेटा कॉपी करा, मग बाकीचं. फॉरमॅट मारणारा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतो आणि टॅलीचं फोल्डर सी ड्राइव्हमध्येच विसरतो, हे फार वेळा होतं. त्याला टॅलीमध्ये उघडून दाखवायला सांगा की डेटाचा रस्ता कोणता आहे, आणि कॉपी झाल्यावर ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. डिस्क उडाली हे कारण तिथे सांगत बसायची वेळ नको.

बॅकअपची डिस्क कायम लावून ठेवू नका. मशीनला लागलेली असेल तर व्हायरस तिलाही कुलूप लावतो, आणि विजेचा झटका आला तर दोन्ही एकदम जातात. काका आता रोज रात्री दुकान बंद करताना दोन पेनड्राइव्ह आलटून पालटून वापरतात, एक दुकानात आणि एक घरी. सोमवारचा लाल, मंगळवारचा काळा. मागच्या महिन्यात त्यांच्या नव्या डिस्कचा सी५ शून्याचा दोन झाला. त्यांच्या मुलानेच बघितलं आणि मला फोटो पाठवला. डिस्क वॉरंटीत बदलून मिळाली.

पुढचा व्हिडिओ टॅलीचा बॅकअप आपोआप कसा घ्यायचा आणि तो परत कसा उघडून बघायचा यावर आहे. तोपर्यंत काउंटरखालचा सीपीयू तेवढा वर उचलून ठेवा. बंद करून उचला.